कॉफीचा वजनकाटा नाचतोय, दुरुस्त होईल का?

कोरी_कॉफी

नमस्कार मंडळी. पोअर ओव्हरसाठी (ड्रिपर नावाच्या गाळणीतल्या कॉफीवर वरून हळूहळू गरम पाणी ओतून करतात ती) दीड वर्षापूर्वी एक छोटा डिजिटल काटा घेतला. 2 किलोपर्यंत मोजतो, 0.1 ग्रॅमचा आकडा दाखवतो, टायमर आहे, दोन छोटे पेन्सिल सेल लागतात. रोज सकाळी 15 ग्रॅम कॉफी आणि 240 ग्रॅम पाणी, इतकंच त्याचं काम. वर्षभर एक तक्रार नव्हती.

गेल्या महिन्याभरात मात्र त्याचा भरवसाच राहिला नाही. रिकामा असताना 0.0 वरून -0.3, मग 0.2, परत 0.0. पाणी ओतताना आकडा 187 पर्यंत जातो आणि मी किटली उचलून धरली की आपोआप 184 होतो. भांडं खाली काढून पुन्हा ठेवलं की तिसराच आकडा. काल तेच प्रमाण धरून केलेली कॉफी पाणचट झाली, आज कडू. चिकमगळूरच्या चांगल्या बिया आणल्यात, त्या अशा वाया जाताना बघवत नाही.

सेल बदलले, फरक नाही. हा दुरुस्त होण्यातला प्रकार आहे का, की नवीनच घ्यावा? मी पुण्यात असते. ओटा ग्रॅनाइटचा आहे, काटा इंडक्शन शेगडीच्या शेजारी असतो.

झटपट

टेअरचं, म्हणजे आकडा शून्यावर आणायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या वजनाशी काटा जुळवणं) सुरू होईल. स्क्रीनवर 500 आलं की अर्धा किलो साखरेचा पुडा ठेवा. माझा असाच ठीक झाला होता.

दबरा_टंबलर

पंखा चालू असतो का? आमच्याकडे स्वयंपाकघरात पंखा आहे आणि तो चालू असला की रिकाम्या काट्यावर आकडा सतत हलतो. वरून येणारा वारा ताटलीवर दाब देतो आणि 0.1 ग्रॅम म्हणजे किती कमी, एखादी भाजलेली कॉफीची बी साधारण तेवढीच. सकाळी काटा वापरताना मी पंखा बंद करतो.

शिवाय चारही रबरी पाय जागेवर आहेत ना, तेही बघा. माझा एक पाय ओट्यावरच चिकटून राहिला होता आणि मी आठवडाभर तसाच वापरत होतो.

काटेकोर

कोरी_कॉफी, नमस्कार. तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. दुकानातल्या काउंटरवरच्या काट्यापासून ट्रकच्या वजनकाट्यापर्यंत. कॉफी पीत नाही, पण काटा मला कळतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली विनंती, कॅलिब्रेशनला हात लावू नका. आकडा स्थिर असेल पण चुकीचा असेल तेव्हा कॅलिब्रेशन कामाचं. तुमचा आकडा स्थिरच नाही. हलत्या काट्याला कॅलिब्रेट केलं तर तो त्या क्षणी जो चुकीचा आकडा दाखवत असेल तोच खरा मानून बसेल, आणि मूळ दुखणं शोधणं आणखी अवघड होईल. साखरेचा पुडा तर नकोच. एखाद्या 500 ग्रॅमच्या पुड्यात 15 ग्रॅमपर्यंतची कमी कायद्याने चालते, वर पिशवीचं वजन वेगळं. झटपट यांचा काटा ठीक वाटत असेल, पण तो कशाच्या आधारावर ठीक आहे ते एकदा तपासून पाहावं असं मी म्हणेन.

आता आत काय आहे ते सांगतो. ताटलीखाली बोटाएवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. एक टोक खालच्या बुडाला, दुसरं ताटलीला. वजन ठेवलं की पट्टी वाकते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी. तिच्यावर चार बारीक स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. पट्टी वाकली की दोन ताणले जातात, दोन दाबले जातात आणि त्यांचा विद्युतरोध किंचित बदलतो. हे गेज चिकटवण्याची युक्ती 1938 साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांना एकमेकांच्या नकळत सुचली. तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

आता प्रमाण बघा. छोट्या काट्यात 2 किलो ठेवल्यावर ही जोडणी जेमतेम 3 मिलिव्होल्टचा संकेत देते. म्हणजे 1 ग्रॅमला दीड मायक्रोव्होल्ट. तुम्ही 0.1 ग्रॅम वाचता तेव्हा काटा एका व्होल्टच्या कोट्यवधीव्या भागाच्या आसपास काहीतरी ओळखत असतो. इतकं नाजूक काम वर्षभर ओट्यावर वाफेत करत होता, याचं मला कौतुक वाटतं.

सेलबद्दल एक. सेल उतरत गेले की वजन हळूहळू कमी दिसतं असा समज आहे. तसं होत नाही. गेजना मिळणारा व्होल्टेज आणि मोजणाऱ्या चिपचा संदर्भ एकच असतो, दोन्ही बरोबर खाली येतात. पण सेल एका मर्यादेखाली गेले की आकडा एकदम सैरभैर होतो. नवीन घातलेत म्हणता, तर तो मुद्दा बाजूला ठेवू. फक्त ते 1.2 व्होल्टचे रिचार्जेबल नाहीत ना, एवढं पाहा.

उद्या हे करा. पंखा बंद, शेगडी बंद, काटा शेगडीपासून दोन हात लांब, सपाट जागेवर. चालू करून पाच मिनिटं तसाच ठेवा. घरातली एखादी जड, लहान, न झिजणारी धातूची वस्तू घ्या. ती मधोमध ठेवून आकडा लिहा, काढा, शून्य येतं का लिहा. असं पाच वेळा. मग तीच वस्तू चारही कोपऱ्यांवर एकेकदा. टेअर मध्ये दाबायचं नाही. आकडे जसे येतील तसे इथे टाका, सरासरी काढू नका.

झटपट

15 ग्रॅमचं माहीत नव्हतं. माझाही तपासतो.

विदर्भी_उन्हाळा

माझ्याकडे 0.01 ग्रॅमचा खिशातला काटा आहे, बिया मोजायला. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की प्लॅस्टिकच्या डबीत कॉफी दळून ठेवली की आकडा चढत जातो. हात जवळ नेला तरी बदलतो. स्थिर विजेमुळे होतं. स्टीलची वाटी वापरायला लागल्यापासून बंद झालं. पुण्यात आता पावसाळा, त्यामुळे तुमचं कारण हे नसावं, पण नोंद असू द्या.

कोरी_कॉफी

काटेकोर काका, इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. सकाळी सांगितलं तसं सगळं केलं. सेल साधेच आहेत, नवीन. पाय चारही आहेत.

वस्तू म्हणून आजीच्या लहान पितळी खलबत्त्याचा बत्ता घेतला. वेलदोडे कुटायचा, मुठीएवढा, खालून सपाट, उभा राहतो.

मधोमध: 211.6, 212.1, 211.2, 212.0, 211.7. काढल्यावर: 0.0, 0.2, -0.1, 0.3, 0.1.

कोपरे: मागे डावीकडे 212.1. मागे उजवीकडे 211.8. पुढे डावीकडे 211.9. पुढे उजवीकडे 205.3.

शेवटचा आकडा तीनदा पाहिला. 205.3, 204.6, 206.9. मी उजव्या हाताने ओतते आणि ड्रिपरही जरा उजवीकडेच असतो, ते आत्ता लक्षात आलं.

शेगडीचंही पाहिलं. किटली शेगडीवर चालू आणि काटा शेजारी असेल तर रिकामा आकडा दर सेकंदाला तीन-चार दशांश इकडे तिकडे होतो. दोन हात लांब नेला की थांबतो. म्हणजे रिकामा असताना जे हलत होतं त्यातलं बरंचसं हेच.

काटेकोर

उत्तम मोजमाप केलंत. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

शेगडीचं आधी. इंडक्शनमध्ये सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं. काट्यातल्या चार बारीक तारा मायक्रोव्होल्ट वाहून नेतात, त्या अँटेनासारखं काम करतात. जागा बदला, तो प्रश्न मिटला.

आता कोपरा. बत्ता तोच, मग पुढच्या उजव्या कोपऱ्यावर सात ग्रॅम गेले कुठे? काटा फक्त पट्टीतून जाणारा भार मोजतो. ताटलीवरचं सगळं वजन त्या एकाच पट्टीतून खाली गेलं पाहिजे. कमी दिसतंय याचा अर्थ त्यातलं थोडं दुसऱ्या वाटेने ओट्यावर उतरतंय. म्हणजे त्या कोपऱ्यात ताटली किंवा तिच्याखालची चौकट बुडाला कुठेतरी टेकते आहे.

कशाला टेकत असेल, याचाही अंदाज आहे. कुणी जोरात दाबलं तर पट्टी कायमची वाकू नये म्हणून कोपऱ्यांखाली छोटे उंचवटे किंवा स्क्रू दिलेले असतात. नेहमीच्या वजनाला ते लागत नाहीत, मध्ये कागदाच्या दोन-चार पदरांइतकी फट असते. त्या फटीत काही अडकलं की झालं. कोपऱ्यावर वजन पडलं की ताटली त्या कचऱ्यावर टेकते. मधोमध 211.2 ते 212.1 असा जो फरक पडतोय तोही बहुधा त्याचाच. आणि 187 चे 184 होतात ते यामुळेच. भांडं भरत जातं, ताटली खाली जाते, टेकते आणि पुढचा भार पट्टीला मिळतच नाही.

काटा उघडावा लागेल. घाबरू नका, फक्त सावकाश. आधी सेल काढा. रबरी पायांखाली स्क्रू असतात, पाय नखाने अलगद उचला. बूड आणि वरचा भाग ओढून वेगळे करू नका, मध्ये तारा आहेत, केसाएवढ्या. पट्टीवर पांढरा किंवा पारदर्शक लेप दिसेल, त्याखाली गेज आहेत. तो लेप खरवडायचा नाही, त्यावर गंज काढायचा स्प्रे मारायचा नाही, पट्टी बोटाने दाबून बघायची नाही. उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो काढून ठेवा.

गरम_किटली

एक विचारतो. माझा काटा चार्जिंगवाला आहे आणि चार्जिंगला लावून वापरला की असाच नाचतो. त्याचंही कारण फटीतला कचरा असेल का?

काटेकोर

नाही. वायर काढल्यावर नाचणं थांबतं ना? मग तो चार्जरचा विद्युत गोंगाट आहे. रात्री चार्ज करा, सकाळी वायर काढून वापरा.

कोरी_कॉफी

उघडला!

पाय काढले, चार स्क्रू. वरची स्टीलची ताटली दुतर्फी चिकटपट्टीवर होती, ती तशीच राहू दिली. बूड उचलल्यावर पट्टी दिसली, अगदी तुम्ही सांगितलं तशी, वर पांढरा लेप, लाल-काळी-हिरवी-पांढरी तार.

पुढच्या उजव्या कोपऱ्यात बुडावर एक उंचवटा आहे आणि त्याच्या डोक्यावर तपकिरी, काचेसारखा चमकणारा थर बसला होता. दळलेली कॉफी सांडून तिच्यावर पाणी पडून वाळलेलं, पुन्हा त्यावर कॉफी, पुन्हा पाणी. दीड वर्षाचा थर. त्यात बीचा एक तुकडा रुतलेला, मोहरीएवढा. नखाने निघेना. वास मात्र अजून कॉफीचाच येत होता. उरलेल्या तीन उंचवट्यांवर साधी धूळ होती.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानातली कापसाची काडी बुडवून तो थर भिजवला, दहा मिनिटांनी लाकडी टूथपिकने काढला. पट्टीच्या जवळही गेले नाही. रात्रभर उघडाच, पंख्याखाली ठेवला आणि आज सकाळी बंद केला.

मधोमध: 212.1, 212.1, 212.1, 212.0, 212.1. काढल्यावर पाचही वेळा 0.0.

कोपरे: 212.1, 212.0, 212.2, आणि तो पुढचा उजवा, 212.1.

मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

पण एक राहिलंच. कॉफी करताना शेवटचं पाणी ओतून 240 झालं की पुढच्या तीन मिनिटांत आकडा 238.5 च्या आसपास येतो. बत्ता ठेवला तर तीन मिनिटांत काहीच हलत नाही. आत अजून काही आहे का?

दबरा_टंबलर

अभिनंदन! आता कॉफी कशी झाली तेही सांगा.

काटेकोर

छान काम केलंत. बत्ता तीन मिनिटं स्थिर राहतो, म्हणजे पट्टीचं आणि चिपचं काम व्यवस्थित आहे. मग फरक फक्त गरम पाण्याचा. दोन शक्यता. एक, भांड्याची उष्णता ताटलीतून पट्टीपर्यंत जाते. सगळी पट्टी सारखी तापली तर चार गेज एकमेकांचा परिणाम खोडून काढतात, पण एक बाजू आधी तापली तर आकडा सरकतो. दुसरी शक्यता माझ्यापेक्षा तुम्हा कॉफीवाल्यांना चटकन कळेल. पाण्याची वाफ होऊन ते खरोखरच कमी होत असेल.

दोन्ही वेगळ्या करा. काचेच्या भांड्यात 240 ग्रॅम उकळतं पाणी घ्या, आधी झाकण न लावता तीन मिनिटं, मग झाकण लावून तीन मिनिटं. उष्णता दोन्हीकडे तीच राहील.

एडिंबरातून

छान धागा. कॅलिब्रेशनचा विषय निघालाय म्हणून माझा अनुभव. इथे एडिंबरात घेतलेला काटा इथेच 500 ग्रॅमच्या वजनाने कॅलिब्रेट केला आणि मुंबईला भावासाठी नेला. तेच वजन तिथे 498.5 दाखवायला लागलं. भावाला वाटलं प्रवासात बिघडला. बिघडला नव्हता. असे काटे वजनाचा जोर मोजतात आणि त्यावरून ग्रॅम दाखवतात. गुरुत्वाकर्षण एडिंबरात सुमारे 9.816 आणि मुंबईत 9.786, विषुववृत्ताकडे जाल तसं कमी. फरक 0.3 टक्के, म्हणजे 500 ला दीड ग्रॅम. मुंबईत त्याच वजनाने पुन्हा कॅलिब्रेट केला आणि बरोबर आला. परदेशातून काटा आणणाऱ्यांनी हे जरूर करावं. कोरी_कॉफी यांच्या प्रश्नाशी संबंध नाही, कारण हा फरक कायम सारखाच राहतो, आकडा नाचत नाही.

काटेकोर

अगदी बरोबर मुद्दा. कॅलिब्रेशन खरं कुठे लागतं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

कोरी_कॉफी

झाकण न लावता: 240.0 वरून तीन मिनिटांत 238.3. झाकण लावून: 240.0 वरून 239.8.

म्हणजे वाफच! काटा खरं सांगत होता आणि मी त्याच्यावर संशय घेत होते. उरलेले दोन दशांश झाकणाच्या फटीतून गेले असतील किंवा उष्णतेचे असतील. तरी खाली पातळ बुचाची चकती ठेवायला लागले आहे, टेअर करून. भांड्याचा ओला तळही ताटलीला लागत नाही.

आज दुपारी बत्ता घेऊन सराफाकडे गेले. आमच्या घरचे जुने सराफ आहेत. त्यांना सांगितलं, याचं नेमकं वजन हवंय. त्यांनी काचेची दारं असलेल्या काट्यात तो ठेवला, दारं बंद केली आणि आकडा थांबेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले. 212.384. चिठ्ठीवर लिहून दिलं. म्हणाले, पितळ आहे म्हणून सांगतो, सोनं असतं तर सव्वाअठरा तोळे झाले असते. आजीचा बत्ता आता माझं प्रमाण वजन झालाय, पुसून कापडात गुंडाळून कपाटात ठेवलाय. वेलदोडे दुसऱ्याने कुटते.

म्हणजे माझा काटा 0.3 कमी दाखवतो. आता कॅलिब्रेट करू का? स्क्रीनवर 500 मागतो, बत्ता चालणार नाही.

काटेकोर

सराफांचा काटा दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासून मुद्रांकित होतो, म्हणून तो आकडा मी विश्वासाने घेईन. तुम्ही योग्य ठिकाणी गेलात.

कॅलिब्रेशनची मला गरज दिसत नाही. 212 ला 0.3 म्हणजे 15 ग्रॅम कॉफीला 0.02. तुमचा काटा तो फरक दाखवूही शकत नाही. पाण्यातही 240 ला 0.3. आणि कॉफी व पाणी दोन्ही एकाच काट्यावर मोजता, त्यामुळे प्रमाण तसंच राहतं. करायचंच असेल तर एम1 वर्गाचं 500 ग्रॅमचं वजन आणा, त्यात चूक फार तर 25 मिलिग्रॅमची. किराणा दुकानातलं लोखंडी वजन आणू नका.

महिन्यातून एकदा बत्ता मधोमध आणि चार कोपऱ्यांवर ठेवून आकडे लिहून ठेवा. एखादा कोपरा कमी दाखवायला लागला की त्याच कोपऱ्यात बघायचं.

विदर्भी_उन्हाळा

एक शंका. माझ्या 0.1 च्या दुसऱ्या काट्यावर शेवटच्या बिया एकेक करून टाकल्या तर आकडा वाढतच नाही. 0.0 वर पाच-सहा बिया गायब होतात. हाही कचराच का?

काटेकोर

हा बिघाड नाही. शून्याजवळ हळूहळू होणारा बदल काटा स्वतःहून खोडतो. वारा, तापमान यांनी शून्य सरकू नये म्हणून तशी सोय असते. तुमची एकेक बी त्याला तसाच सरकणारा शून्य वाटते. रिकाम्या वाटीत एकदम दहा-बारा ग्रॅम टाका, मग एकेक बी घाला. शून्यापासून दूर गेलात की तो प्रत्येक बी मोजेल.

झटपट

माझ्या काट्यावर कोपरे तपासले, पाचशेच्या नव्या वजनाने. मधोमध 509.2. तीन कोपरे तेवढेच. चौथ्यावर 509.3. म्हणजे कोपरे ठीक आहेत, साखरेच्या पुड्याने कॅलिब्रेट केला तिथेच चुकलं. आज वजन ठेवून पुन्हा केला, आता 500.0.

कोरी_कॉफी

दबरा_टंबलर, कॉफीबद्दल विचारलं होतंत. पहिल्या दिवशी नेहमीच्या दळणाने केली तर कडू लागली. मग लक्षात आलं, महिनाभर काटा पाणी कमी दाखवत होता, म्हणजे मी प्रत्यक्षात जास्त ओतत होते, आणि कॉफी पाणचट लागते म्हणून दळण बारीक करत गेले होते. दळण दोन खाचा जाडसर केलं. आज सकाळची कॉफी मे महिन्यात लागत होती तशी लागली, शेवटी संत्र्याच्या सालीसारखी चव येते ती परत आली. अर्धा कप शेजारच्या काकूंना दिला.